'थ्री बॉडी प्रॉब्लेम'चा पहिलाच सीन आणि चीनचे प्रेक्षक आपापसातच का भिडले?

२१ मार्च २०२४ ला नेटफ्लिक्सवर 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' ही सिरीज आली. विषय एलियन्सचा. पण पहिला भाग सुरू होतो तेव्हा ना अवकाशयान दिसतं, ना प्रयोगशाळा. दिसतं ते १९६६ सालचं बीजिंग.

छिंगहुआ विद्यापीठाच्या मैदानात प्रचंड जमाव जमलाय. हातात माओची लाल पुस्तकं, तोंडात घोषणा. स्टेजवर भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला आणलंय. त्याचा गुन्हा काय, तर तो वर्गात आइनस्टाइनचा सापेक्षतावाद शिकवायचा. त्याच्याविरोधात बोलायला त्याच्या बायकोलाच उभं केलं जातं. तरुण रेड गार्ड त्याला मारत राहतात आणि तो तिथेच मरतो. गर्दीत उभी असलेली त्याची मुलगी ये वेन्जे हे सगळं बघत असते.

सायन्स फिक्शन बघायला बसलेला माणूस इथेच चरकतो. चीनमध्ये मात्र याच सीनवरून वादाला तोंड फुटलं.

नेटफ्लिक्स नाही, तरी प्रतिक्रिया कशा आल्या?

चीनमध्ये नेटफ्लिक्स अधिकृतपणे उपलब्ध नाही. पण लोकांनी व्हीपीएन लावून किंवा पायरेटेड कॉपी मिळवून सिरीज पाहिली आणि चर्चा रंगली ती 'वेबो' या तिथल्या सोशल मीडियावर.

एका गटाचं म्हणणं होतं, पाश्चात्त्यांना चीनची फक्त काळी बाजू दाखवायची असते. सुरुवातीलाच एवढी हिंसा कशाला? दुसरा मुद्दा पात्रांचा होता. पुस्तकातले नायक चिनी, घटना बहुतांश चीनमधल्या. सिरीजमध्ये मात्र ऑक्सफर्डमध्ये एकत्र शिकलेले वेगवेगळ्या वंशांचे पाच मित्र आले आणि कथा लंडनला गेली. चीनचं पात्र म्हणून ठळक उरली ती ये वेन्जे, आणि तिच्या वाट्याला आला तो हा भूतकाळ. हा राग समजण्यासारखा आहे.

पण त्यांना उत्तर देणारेही चिनीच होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं : हा सीन परदेशी लोकांनी घुसवलेला नाही, तो आपल्याच लेखकाच्या पुस्तकात आहे. आणि असं खरोखर घडलं होतं.

मग पुस्तकात नेमकं काय आहे?

खरी गंमत इथे आहे. लिऊ त्सशिन यांची ही कादंबरी चीनमध्ये २००८ साली पुस्तकरूपात आली. त्यात हा प्रसंग आहे, पण सुरुवातीला नाही. तो मधल्या पानांत आहे.

पुढे केन लिऊ यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि तो २०१४ ला प्रकाशित झाला. अनुवाद करताना त्यांना वाटलं की कथेची सुरुवात या प्रसंगापासून व्हायला हवी. त्यांनी मूळ लेखकाला तसं सुचवलं. लिऊ त्सशिन म्हणाले, मलाही आधी तसंच हवं होतं. पण सेन्सॉरच्या नजरेत येऊ नये म्हणून चिनी आवृत्तीत तो प्रसंग आत सरकवला गेला होता. इंग्रजी पुस्तक मग याच प्रसंगाने सुरू झालं आणि २०१५ ला त्याला सायन्स फिक्शनमधला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो आशियाई लेखकाला मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

म्हणजे नेटफ्लिक्सने पात्रांची नावं बदलली, देश बदलला, बरंच काही बदललं. पण ज्या सीनवर "हे मुद्दाम घातलंय" असा आरोप झाला, तोच लेखकाच्या मूळ कल्पनेच्या सगळ्यात जवळचा होता.

चिनी सिरीजमध्ये हा सीन आहे का?

याच कादंबरीवर टेन्सेंटची ३० भागांची चिनी सिरीज २०२३ च्या जानेवारीत आली होती. पुस्तकाला धरून केलेली म्हणून तिचं भरपूर कौतुक झालं. पण सांस्कृतिक क्रांतीचा भाग तिथे बराच सौम्य केलेला आहे. त्यामुळे फक्त तीच सिरीज पाहिलेल्या प्रेक्षकाला नेटफ्लिक्सचा पहिला सीन परका वाटणं साहजिक होतं.

सांस्कृतिक क्रांती एवढी नाजूक का?

१९६६ ते १९७६ या काळात माओच्या आदेशावरून 'जुनं' ते सगळं मोडून काढायची मोहीम चालली. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना भर सभेत अपमानित केलं, मारलं. घरातल्या माणसांनी एकमेकांविरुद्ध साक्षी दिल्या. या काळामुळे पक्षाचं, देशाचं आणि जनतेचं प्रचंड नुकसान झालं, हे खुद्द चीनच्या कम्युनिस्ट पक्षाने १९८१ च्या ठरावात मान्य केलंय. म्हणजे चूक झाली हे कागदावर कबूल आहे. पण ती पडद्यावर किती दाखवायची, यावर आजही बंधनं आहेत.

विरोध फक्त चीनमधूनच झाला का?

नाही. सिरीजची घोषणा झाली तेव्हा, म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या ५ रिपब्लिकन सिनेटर्सनी नेटफ्लिक्सला पत्र लिहिलं होतं. कारण लिऊ त्सशिन यांनी एका मुलाखतीत शिनजियांगमधल्या उइगरांबाबतच्या चिनी सरकारच्या धोरणाचं समर्थन केलं होतं. अशा लेखकाच्या पुस्तकावर सिरीज कशाला, हा त्यांचा सवाल होता. एकाच कलाकृतीला अमेरिकेत चीनधार्जिणी आणि चीनमध्ये चीनविरोधी ठरवलं गेलं.

हा सीन काढून टाकला असता तर?

(इथून पुढे स्पॉयलर आहे.)

तर कथेला कारणच उरलं नसतं. पुढे ये वेन्जेला परग्रहावरून इशारा मिळतो : उत्तर देऊ नका. ती तरीही उत्तर देते, कारण माणूस स्वतःला सुधारू शकत नाही अशी तिची खात्री झालेली असते. ती खात्री तिला कुठल्या प्रयोगातून मिळालेली नाही. आपल्या वडिलांना मारणारी मुलं आणि घोषणा देणारी गर्दी तिने डोळ्यांनी पाहिली होती.

इतिहासावरच्या सिनेमावरून होणारी भांडणं आपल्यालाही नवी नाहीत. त्यामुळे या सीनची क्लिप तुमच्या फीडमध्ये आली, की खालच्या कमेंट्स वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा : भांडणाऱ्या दोघांनी कथा वेगवेगळ्या पानापासून वाचलेली असू शकते.