बोटीला मोठं इंजिन बसवताय? आधी गिअर बघा. ट्रक-ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स पाण्यात का चालत नाही, समजून घ्या

अहिल्यानगर : आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी मोठं आहे. अकोल्यात भंडारदरा, राहुरीत मुळा धरण, शेवगाव-नेवाशाच्या कडेला जायकवाडीचा नाथसागर आणि कर्जतच्या दक्षिणेला उजनीचा फुगवटा. मासेमारी, पर्यटन, पुरातली मदत, पलीकडच्या काठाला जाणं-येणं, या सगळ्यासाठी बोट लागते.

आपल्याकडच्या बहुतेक होड्या वल्ह्यांवर किंवा मागे लटकवलेल्या आऊटबोर्ड इंजिनावर चालतात. आऊटबोर्डमध्ये गिअर कंपनीनेच आत बसवलेला असतो, त्यामुळे तो वेगळा निवडायचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो मोठी बोट करताना. तीस-चाळीस माणसांची लाँच किंवा सामान नेणारी जड बोट असेल तर दीडशे-दोनशे एचपीचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटात बसवावं लागतं. यालाच इनबोर्ड म्हणतात. इथे इंजिन वेगळं, गिअर वेगळा, शाफ्ट वेगळा आणि पंखा वेगळा घ्यावा लागतो. आणि फसगत होते ती बहुतेक वेळा गिअरमध्येच.

पहिला विचार मनात येतो तो असा : ट्रकचं जुनं इंजिन मिळतंय, त्याच्याबरोबर गिअरबॉक्सही येतोय, मग वेगळा खर्च कशाला? इंजिनाचं एकवेळ जमतं. अशोक लेलँडची इंजिनं कोकणातल्या मासेमारी बोटींवर चालतात. फक्त थंड पाण्याची आणि धुराची व्यवस्था बोटीसाठी बदलावी लागते. गिअरबॉक्सचं मात्र तसं नाही.

ट्रकचा गिअरबॉक्स का चालत नाही?

पहिलं कारण म्हणजे रेटा. ट्रकमध्ये गिअरबॉक्स फक्त फिरवण्याचं काम करतो. गाडी पुढे ढकलतात ती चाकं. बोटीत पंखा पाण्याला मागे ढकलतो आणि त्याचा सगळा उलटा रेटा शाफ्टमधून सरळ गिअरमध्ये येतो. गिअर तो रेटा फाउंडेशनवर देतो, तेव्हा बोट पुढे जाते. मोठ्या पंख्याला २०० एचपी दिली तर जोर लावताना हा रेटा दोन टनांच्या आसपास जाऊ शकतो. उसाने भरलेली बैलगाडी गिअरच्या शाफ्टवर टेकवून ठेवल्यासारखं समजा. मरीन गिअरमध्ये त्यासाठी खास थ्रस्ट बेअरिंग असतं. ट्रकच्या गिअरमध्ये एवढा रेटा धरलेलाच नसतो, मग बेअरिंग जातं आणि दाते झिजतात.

दुसरं कारण म्हणजे सतत भार. ट्रक घाट चढतो, मग उतरतो. ट्रॅक्टर नांगरतो, मग बांधावर वळतो. इंजिनाला आणि गिअरला अधूनमधून दम मिळतो. बोटीला उतार नाही. फुल रेस दिली की ती बोट म्हणजे चंदनापुरी घाट कायम चढत राहणारी गाडी.

तिसरं कारण म्हणजे ब्रेक. बोटीला ब्रेक नसतो, रिव्हर्स हाच ब्रेक. ट्रकचा रिव्हर्स गाडी उभी असताना हळू मागे घेण्यासाठी असतो. मरीन गिअरमध्ये पुढे आणि मागे असे दोनच वेग असतात, मध्ये न्यूट्रल. हायड्रॉलिक गिअरमध्ये ऑईलच्या दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात, त्यामुळे पाय न लावता, एका हाताने, हलत्या बोटीत रिव्हर्स पडतो. धक्क्याला लागताना किंवा समोर कुणी पाण्यात पडलं तर हे सेकंद महत्त्वाचे.

२१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तिथे वारा कारण होता, गिअरचा संबंध जोडायचं कारण नाही. पण आपल्या धरणांवर उन्हाळ्याच्या शेवटी वारा किती झटकन उठतो, ते सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी इंजिन चालू आहे आणि गिअर घसरतोय, असं झालं तर बोटीचं तोंड धरून ठेवता येत नाही. ती वाऱ्याला आडवी होते, आणि आडवी बोट सगळ्यात धोक्याची.

गंमत म्हणजे मरीन गिअरमधलं एक मोठं नाव, अमेरिकेतली ट्विन डिस्क कंपनी, १९१८ मध्ये सुरू झाली ती शेतीच्या ट्रॅक्टरचे क्लच बनवण्यासाठी. पण बोटीसाठी त्यांनीही गिअर वेगळाच बनवला.

एचपी नाही, टॉर्क बघा

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचं इंजिन?" उत्तर अपुरं आहे. किती आरपीएमला, हे सांगितल्याशिवाय गिअर ठरत नाही. दात तुटतात ते पिळामुळे, म्हणजे टॉर्कमुळे.

हिशेब सोपा आहे. एचपीला ७,१२१ ने गुणा आणि आरपीएमने भागा. उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं. दोन इंजिनं घ्या, दोन्ही २०० एचपीची.

• २,५०० आरपीएमचं इंजिन : सुमारे ५७० न्यूटन-मीटर
• १,८०० आरपीएमचं इंजिन : सुमारे ७९० न्यूटन-मीटर

एचपी तेवढीच, पण दुसऱ्या इंजिनाचा पीळ जवळपास ४० टक्के जास्त. पहिल्याला बरोबर बसणारा गिअर दुसऱ्यावर लहान पडेल. म्हणून चांगल्या कंपनीच्या तक्त्यात "दर आरपीएमला किती एचपी" असा आकडा दिलेला असतो. आपल्या इंजिनाची एचपी भागिले आरपीएम करा आणि तो आकडा तक्त्याशी ताडून बघा.

एकाच गिअरला चार आकडे का?

तक्त्यात एकाच मॉडेलसमोर तीन-चार वेगवेगळ्या एचपी लिहिलेल्या दिसतात. ती छपाईची चूक नाही. काम किती कठीण, त्यावर क्षमता ठरते. हौसेची बोट, जी वर्षात थोडेच तास आणि त्यातही थोडाच वेळ फुल रेसवर चालते, तिच्यासाठी आकडा मोठा असतो. रोज तासन् तास चालणाऱ्या प्रवासी, मालवाहू किंवा मासेमारी बोटीसाठी त्याच गिअरचा आकडा बराच लहान असतो.

विकणारा साहजिकच मोठा आकडा दाखवतो. आपण सततच्या कामाचा, म्हणजे कंटिन्युअस ड्युटीचा आकडा मागायचा. शिवाय रेशो बदलला की क्षमताही बदलते. मोठ्या रेशोला ती बहुतेक वेळा कमी होते. म्हणून ज्या रेशोचा गिअर घेणार, त्याच ओळीतला आकडा बघा.

रेशो किती घ्यायचा?

रेशो म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा. २,४०० आरपीएमच्या इंजिनाला ३ : १ चा गिअर लावला तर पंखा ८०० फिरतो, १.५ : १ लावला तर १,६००.

जड बोटीला मोठा आणि हळू फिरणारा पंखा लागतो. हलक्या, पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटीला लहान आणि जोरात फिरणारा. जड बोटीला लहान पंखा जोरात फिरवला तर फेस होतो, डिझेल जळतं, बोट जागची हलत नाही. चिखलात चाक फिरावं तसं.

जड बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांमध्ये वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. ३६ फुटी बोटीला ६ गुणिले १.३४ म्हणजे सुमारे ८ नॉट, ताशी १५ किलोमीटर. त्यापुढे एचपी दुप्पट केली तरी वेग थोडाच वाढतो, लाटा मात्र मोठ्या होतात.

आता उलटा हिशेब करू. ताशी १५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला २५० मीटर. पंखा ८०० फेरे घेतोय, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ३१ सेंटिमीटर पुढे जायला हवं. पाण्यात पंखा घसरतो. घसर ३५ टक्के धरली तर पंख्याचा पिच साधारण १९ इंच येतो. हा अंदाज आहे, नेमका पंखा बोटीच्या आराखड्यावरून ठरतो. पण क्रम लक्षात ठेवा : आधी बोट आणि वेग, मग पंखा, मग रेशो, शेवटी गिअर. आधी गिअर आणून मागून पंखा शोधायचा, हा उलटा धंदा महागात पडतो.

आपल्या धरणांवर एक अडचण जास्तीची आहे. मे महिन्यात पाणी खाली जातं, बुडालेल्या बाभळींचे बुंधे आणि जुने बांध वर येतात. त्यामुळे पंखा हवा तेवढा मोठा घेता येत नाही. पंख्याचं टोक आणि बोटीचा तळ यांच्यात किमान पंख्याच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढी फट हवी, आणि पंखा तळाच्या फार खालीही जायला नको. या दोन्हींमध्ये जो मोठ्यात मोठा पंखा बसेल, त्यावरून रेशो धरा.

गरमी आणि ऑईल

गिअरमध्ये साधारण तीन टक्के शक्ती उष्णता होऊन जाते. आकडा लहान वाटतो, पण २०० एचपीचे तीन टक्के म्हणजे साडेचार किलोवॉट, घरातले दोन गिझर सतत चालू ठेवल्यासारखं. म्हणून ऑईल कूलर हवाच. धरणाचं पाणी कूलरमधून फिरवत असाल तर गाळणी लावा आणि रोज साफ करा. शेवाळ आणि जलपर्णी ती लवकर बुजवतात.

ऑईल कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला. ट्रॅक्टरच्या गिअरचं ९० नंबरचं घट्ट ऑईल सरसकट ओतू नका. हायड्रॉलिक गिअरला बहुतेक वेळा पातळ ऑईल लागतं. नाहीतर प्लेटा नीट आवळत नाहीत, घसरून जळतात.

जुना गिअर घेताना

• पत्र्याची पट्टी वाचा. मॉडेल, रेशो आणि सिरीयल नंबर दिसत नसेल तर व्यवहार नको.
• ऑईल काढून बघा. दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, जळका वास आला तर प्लेटा गेल्यात, चमक दिसली तर दाते किंवा बेअरिंग.
• बाहेरचा शाफ्ट पुढे-मागे ओढून बघा. जास्त हलला तर थ्रस्ट बेअरिंग संपलंय.
• इंजिनाच्या हाऊसिंगचा एसएई नंबर आणि फ्लायव्हीलचं माप जुळतंय का, आधी मोजा.
• मधली डॅम्पर प्लेट नवी घ्या. इंजिनाचे झटके तीच पिते. ती नसेल तर मंद रेसवर गिअर खडखडतो.
• ऑईलचा दाब गेला तर क्लच बोल्टने आवळून घरी येण्याची सोय काही गिअरमध्ये असते. एकच इंजिन असलेल्या बोटीला ती असलेली बरी.

बसवल्यावर

इंजिन आणि शाफ्टची सरळ रेघ बोट पाण्यात असतानाच जुळवा. काठावर जुळवलेली रेघ पाण्यात बदलते. पाच इंची कपलिंगला दोन चकत्यांमधली फट एका बाजूहून दुसरीकडे पाच थाऊपेक्षा, म्हणजे इंचाच्या दोनशेव्या भागापेक्षा, जास्त बदलता कामा नये.

मग पूर्ण वजन भरून फुल रेस द्या. इंजिन त्याच्या ठरलेल्या आरपीएमपर्यंत जायला हवं. २,४०० चं इंजिन २,१०० वरच धापा टाकत असेल तर पंखा किंवा रेशो चुकलाय. तसंच चालवलं तर इंजिन आणि गिअर दोन्ही मरतात. २,४०० च्या वर सुसाट गेलं तर पंखा लहान आहे.

रोज चालवताना थोडी रेस कमी ठेवा. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते. अर्ध्या फेऱ्यांना आठव्या भागाचीच शक्ती लागते. म्हणजे १,२०० आरपीएमला २०० ऐवजी सुमारे २५ एचपी. डिझेल कुठे वाचतं, ते इथे कळतं.

पुढून मागे जाताना रेस खाली आणा, न्यूट्रलला क्षणभर थांबा, मग रिव्हर्स. बंद पडलेली बोट ओढून नेताना पंखा पाण्याने आपोआप फिरतो, पण इंजिन बंद असल्याने काही गिअरमध्ये ऑईल फिरत नाही. पुस्तकात तसं लिहिलं असेल तर शाफ्ट बांधून मगच ओढा.

नोंदणी विसरू नका

यंत्रावर चालणाऱ्या बोटींना अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ लागू आहे. नोंदणी आणि तपासणी हवी. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. इंजिन किंवा गिअर बदलणार असाल तर आधी सर्वेक्षकाला विचारा. मच्छीमार संस्था किंवा ग्रामपंचायत बोट घेत असेल तर दरपत्रकात चार गोष्टी लिहून मागा : सततच्या कामाची क्षमता, रेशो, कूलर-डॅम्पर-कपलिंगसह किंमत आणि सुटे भाग कुठे मिळतील. पूर्ण भारावर पाण्यातली चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.