राजीनामा हाही हक्कच

ब्रिटनमध्ये आज संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या आम्हां अनेकांची इथली पहिली कमाई कॉफीच्या दुकानातली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येते; ते तास देणारा मालक साहजिकच आधार वाटतो.

परंतु एका गजबजलेल्या साखळी दुकानात आम्ही अनुभवले ते निराळे होते. समोर रांग, मोबाइलवरून येणाऱ्या ऑर्डरींच्या न संपणाऱ्या चिठ्ठ्या आणि यंत्रावर एकच माणूस. शिकवण्याचे आश्वासन हवेत विरले. पाळ्या आदल्या रात्री बदलत. विश्रांती ‘गर्दी ओसरल्यावर’ मिळणार असे, आणि गर्दी कधी ओसरतच नसे. वास्तविक सहा तासांहून अधिक काम असल्यास 20 मिनिटांची विश्रांती कायद्यानेच दिली आहे.

तरीही आमचे पाय अडखळत होते. शिक्षणाचे कर्ज, ‘मिळालेले काम टाकू नये’ ही घरची शिकवण आणि व्हिसाची भीती. यांतली शेवटची भीती निराधार आहे. विद्यार्थी व्हिसाचे प्रायोजकत्व विद्यापीठाकडे असते, दुकानाकडे नव्हे. कुशल कामगार व्हिसावर मात्र मालकच प्रायोजक असतो. अशा बांधवांनी आधी जाणकारांचा सल्ला घ्यावा.

1938 मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी बजावले होते की, इच्छेविरुद्ध राबायला लावणे ही गुलामगिरीच होय. श्रमावर पहिला अधिकार श्रमणाऱ्याचा, हे त्यामागचे तत्त्व.

म्हणून नोकरी सोडावी, पण हिशेब चोख ठेवून. महिनाभर काम झाले असल्यास किमान एका आठवड्याची लेखी सूचना द्यावी. करारात अधिक मुदत आहे का, ते पाहावे. न घेतलेल्या रजेचे पैसे मागावेत. अनियमित तासांच्या कामात रजा 12.07 टक्के दराने साठते, म्हणजे 400 तासांमागे सुमारे 48 तास. पी-45 हा कराचा कागद मागून घ्यावा. तो नसल्यास नव्या नोकरीत कर जास्त कापला जाऊ शकतो. वेतन अडवले गेल्यास एकॅस ही सार्वजनिक संस्था विनामूल्य सल्ला देते.

आपल्या पूर्वजांनी गावकीची कामे नाकारली, तेव्हा त्यांना गावाचा बहिष्कार सोसावा लागला. आपल्याला आठवडाभराची एक चिठ्ठी पुरते. ती लिहिताना मान खाली घालण्याचे कारण नाही.