मांजर घेऊन गावाला जाताना

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईच्या चाळीतला माणूस गावाची वाट धरतो. बोचकी बांधली जातात, किल्ली शेजारी दिली जाते, कुंडीतल्या झाडाला पाणी घालायला सांगितले जाते. पण घरातल्या मांजराचे काय करायचे? २०२३ साली हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. आमची चिंगी तेव्हा दीड वर्षाची होती. पावसात जिन्याखाली भिजत पडलेले पिल्लू मुलीने उचलून आणले आणि बघता बघता ते रेशनकार्डावर नाव नसलेले घरातले पाचवे माणूस झाले.

एरवी चिंगीला सांभाळणाऱ्या शेजारच्या मावशी त्या वर्षी स्वतःच गावाला निघाल्या होत्या. एका गृहस्थांनी सल्ला दिला, "पोत्यात घाला आणि मासळी बाजारात सोडून या. तिथे पोट भरेल तिचे." त्या रात्री आमची दोन्ही मुले जेवली नाहीत. वाचकहो, असे करणारी माणसे थोडी नाहीत. पण घरात वाढलेल्या मांजराला बाजारात जगता येत नाही. तिथली मांजरे त्याला उभे करत नाहीत आणि रस्ता ओलांडणे त्याला माहीत नसते. शिवाय पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल अशा जागी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आम्ही चिंगीला बरोबर न्यायचे ठरवले.

रेल्वेची चौकशी केली. कुत्रे-मांजर सोबत न्यायचे तर एसी फर्स्ट क्लासचा आख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवा. स्लीपर किंवा थ्री टायर एसीत परवानगी नाही. दुसरा मार्ग म्हणजे पार्सल ऑफिसात नोंद करून ब्रेकव्हॅनमधल्या पिंजऱ्यात ठेवायचे. फर्स्ट क्लास कारकुनाच्या खिशाला झेपत नाही आणि मे महिन्यात ब्रेकव्हॅनमध्ये एकटे जनावर ठेवायला मन घेईना. शेवटी डेपोत विचारून एस.टी. ठरवली.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेऊन चिंगीला रेबीजची लस टोचून घेतली. ही लस पिल्लू तीन महिन्यांचे झाले की देतात आणि पुढे दरवर्षी द्यावी लागते. पिंजरा विकत घेण्याऐवजी भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट समोरासमोर ठेवून सुतळीने बांधले. आत मुलीचा जुना फ्रॉक अंथरला.

गावी फोन केला तर आई म्हणाली, "अरे, मांजर आडवं गेलं तर लोक परत फिरतात, आणि तुम्ही मांजर घेऊनच निघालात?" आमचा धाकटा म्हणाला, "आजी, ती आडवी जाणार नाही, मांडीवर बसून येणार आहे."

आम्ही सकाळी सातच्या गाडीने निघालो, ही पहिली चूक. माणगावच्या अलीकडे वाहने खोळंबली आणि दुपारच्या उन्हात गाडी तापली. चिंगी कुत्र्यासारखी तोंड उघडून धापा टाकू लागली. मांजर असे करू लागले की त्याला उष्मा बाधतो आहे किंवा ते फार घाबरले आहे असे समजावे. आम्ही क्रेट सावलीच्या बाजूला घेतला, पंजे आणि कान ओल्या रुमालाने पुसले, बोटाने थोडे थोडे पाणी चाटवले. अर्ध्या तासाने ती शांत झाली. कंडक्टरसाहेब भले होते. त्यांनी स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले.

दुसरी चूक त्याहून मोठी. चिपळूण तालुक्यातल्या आमच्या वाडीत पोहोचलो आणि मुलांनी हौसेने सुतळी सोडली. माणसांची गर्दी, कोंबड्या, अंगणातला कुत्रा हे सगळे बघून चिंगी जी पळाली ती दिसेनाशी झाली. कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर जागेला धरून असते. अनोळखी जागी आपल्या माणसाचा आवाज ओळखू आला तरी ते भेदरलेले असते. ते जवळपासच्याच एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसते आणि हाक मारली तरी ओ देत नाही. आम्हाला हे माहीत नव्हते. आम्ही दोन दिवस दिवसाढवळ्या आरडाओरडा करत नदीपर्यंत हिंडलो. मुलगी कोणाशी बोलेना.

दुसऱ्या रात्री सगळे निजल्यावर आई उठली. तिने चुलीवर मूठभर सुकट भाजली, ताटलीत घेतली आणि एकटीच वाडीतून हळू हळू फिरू लागली. विहारामागच्या खोलीपाशी तिला बारीकसे म्यांव ऐकू आले. लग्नाकरता वाडीची मोठी पातेली काढायला ती खोली आदल्या दिवशी उघडली होती आणि नंतर कुलूप लावले होते. किल्ली आणून दार उघडले तर चिंगी पातेल्यांच्या मागे बसलेली. पोटात पाणी नाही, अंगात त्राण नाही. आणखी एखादा दिवस गेला असता तर काय झाले असते हे सांगायला नको. ज्या आईला मांजर अपशकुनी वाटत होते, तिनेच ते पदरात गुंडाळून घरी आणले.

सकाळी एका शेजाऱ्याने तापाची अर्धी गोळी द्यायला सांगितली. आमची पुतणी गावाजवळच्या गुरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, तिने हात धरला. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचत नाही. एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. माणसाचे कोणतेही औषध मांजराला स्वतःच्या मनाने देऊ नये. चिंगीला थोडे थोडे पाणी आणि बिनमिठाचा उकडलेला मासा दिला. तीन दिवसांनी ती उंबऱ्यावर बसू लागली.

मुलीने तिला अडगळीतून ओढून काढताना ओरखडा उठला होता. मांजर चावले किंवा नख लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. हळद-चुना लावून बसू नये. रेबीज एकदा उठला की त्यावर इलाज नाही.

या अनुभवातून आम्ही शिकलो ते सांगतो. मांजराची सोय ओळखीच्या घरी होत असेल तर त्याला घरीच ठेवावे, त्याचेही सुख त्यातच आहे. नेणे भागच असेल तर क्रेट पंधरा दिवस आधी घरात उघडा ठेवावा, म्हणजे ते आपणहून त्यात झोपू लागते. निघण्यापूर्वी चार-पाच तास खायला देऊ नये. पाणी मात्र द्यावे. शक्यतो रात्रीची गाडी धरावी. गावी पोहोचल्यावर किमान आठवडाभर एकाच बंद खोलीत ठेवावे, त्याचे अंथरूण आणि मातीची पाटी तिथेच ठेवावी. हरवलेच तर लांब हिंडू नये. आजूबाजूची कुलूपबंद खोली, माळा, पेंढा रात्रीच्या शांततेत तपासावा.

२०२४ च्या मे महिन्यात मावशी मुंबईतच होत्या, म्हणून चिंगी चाळीत राहिली. आम्ही गावी पोहोचलो तेव्हा आई दारात उभी होती. तिने आधी आमच्या हातातल्या सामानाकडे पाहिले आणि विचारले, "माझी चिंगी कुठंय?"