डेग कोण टिकवतं?

पूर्णा तालुक्यातलं ताडकळस काय किंवा परभणी शहर काय, १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. त्याच्या फौजेत येमेनकडच्या हद्रमौतमधले अरब होते. मराठवाड्यात त्यांचे वंशज चाऊस म्हणून ओळखले जातात. या अरबांच्या खाण्यातला हरीस म्हणजे गहू, मटण, मीठ आणि तासन्‌तास मंद आच. त्यातूनच हैदराबादी हलीम घडला. परमुलखातून आलेला असा पदार्थ मूळ कृती जपल्यामुळे टिकतो, असं सहसा मानलं जातं. पुरावा मात्र उलटं सांगतो. हरीस फिकट, जवळजवळ बिनमसाल्याचा. दख्खनेत त्यात डाळी पडल्या, आलं-लसूण, मिरी, गरम मसाला आला, वर तळलेला कांदा आणि लिंबू आलं. कायम राहिलं ते घोटणं. मटणाचे धागे सुटून गव्हात एकजीव होईपर्यंत लाकडी घोटण्यांनी डेग घोटत राहायची. हात भरून आले की दुसऱ्याने घोटणी घ्यायची. हे एकट्या-दुकट्याचं काम नाही आणि एवढी डेग चौघांच्या घरात संपतही नाही. म्हणून पदार्थाला जमाव लागतो, आणि तो जमाव रमजान पुरवतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्येही हेच दिसतं. १८५० च्या दशकात तिथे बेल्जियमचे वालून शेतकरी आले. त्यांच्या वस्तीत रुजलेला ‘बूया’ म्हणजे कोंबडी, गोमांस आणि भाज्यांचा दाट रस्सा. चर्चच्या मेळाव्यांत, निधी जमवायला तो भल्यामोठ्या कढयांत रटरटतो. प्रत्येक कढईची कृती वेगळी, आणि खाणारे काही सगळे बेल्जियन नसतात.

यावर कोणी म्हणेल, हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे कृतीलाच मोल आहे. आहे ना, पण मानांकन मिळालं ते दख्खनेत बदललेल्या कृतीला, अरबी हरीसला नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता प्रेशर कुकरमध्ये चौघांपुरता हलीम होतो, मग जमाव हवा कशाला? कुकरचा हलीम चवीला वाईट नसतो, हे मान्य. पण विकणाऱ्याचं गणित अजून डेगेचंच आहे. रोजे सोडणारी गर्दी असेल तर डेग एका संध्याकाळी रिकामी होते, म्हणून रमजानमध्ये हैदराबादेत हॉटेलांपुढे खास भट्ट्या लागतात आणि ईद झाली की त्यातल्या बहुतेक मोडल्या जातात.