खाल्ला, तिंदे, कोमी

बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंक्यात, घरी मराठी आणि दाराबाहेर कन्नड बोलणारी माणसं राहतात. या मुलखाशी मराठीचं नातं जुनं आहे. येलहंक्याच्या नाडप्रभू घराण्यातल्या केम्पेगौडानं १५३७ मध्ये बेंगळुरूचा किल्ला बांधला, आणि १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे इथे आले. बेंगळुरू पुढे त्यांची जहागीर झालं. अशा दुभाषी घरातलं कुणी स्पॅनिश शिकायला बसलं, की साध्या भूतकाळाच्या धड्यावर त्याचा धीर सुटण्याचं खरं तर कारण नाही. त्या धड्याचा एक भाग त्याला मराठीनं शिकवलेला असतो आणि दुसरा कन्नडनं.

एक वाक्य घेऊ. ‘मी आंबा खाल्ला.’ आंब्याच्या जागी पोळी आली की ‘खाल्ली’, केळं आलं की ‘खाल्लं’. खाणारा तोच, पण क्रियापद कर्मामागे धावतं. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणायला शिकलो. कन्नडमध्ये असं होत नाही. ‘नानु तिंदे’ म्हणजे मी खाल्लं; आंबा असो, इडली असो, ‘तिंदे’ बदलत नाही. बदलतं ते खाणाऱ्याप्रमाणे: ती ‘तिंदळु’, ते ‘तिंदरु’. स्पॅनिश या बाबतीत थेट कन्नडच्या पंगतीला बसते. ‘कोमेर’ म्हणजे खाणं. मी ‘कोमी’, तू ‘कोमिस्ते’, तो किंवा ती ‘कोमियो’, आम्ही ‘कोमिमोस’, ते ‘कोमिएरोन’. समोर आंबा आहे की पोळी, याची क्रियापदाला पर्वा नाही. शेवटच्या प्रत्ययातच कर्ता बसलेला असल्यानं ‘मी’, ‘तू’ हे शब्द बहुधा गाळलेच जातात.

मराठी मुलगी ‘गेले’ म्हणते, मुलगा ‘गेलो’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये दोघंही ‘फुई’ म्हणतात. तेवढं ओझं कमीच.

नियमित क्रियापदांचे भूतकाळी प्रत्यय दोनच संचांत बसतात. मूळ रूपाच्या शेवटी ‘एर’ किंवा ‘इर’ असेल तर वर दिलेला संच. शेवटी ‘आर’ असेल, उदाहरणार्थ ‘आब्लार’ म्हणजे बोलणं, तर आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लारोन. ‘तुम्ही’साठी स्पेनमध्ये आणखी एक रूप आहे, ‘आब्लास्तेइस’. लॅटिन अमेरिकेत ते वापरात नाही, तिथे ‘ते’चंच रूप चालतं. इथे कान मात्र तयार हवा. ‘आब्लो’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर दिला तर अर्थ ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत जोर बदलल्यानं काळ बदलत नाही, त्यामुळे आपल्या जिभेला याची सवय नसते. म्हणून ही रूपं वहीत उतरवण्याआधी मोठ्यानं म्हणावीत.

अनियमित क्रियापदांची भीती सगळ्यांनाच वाटते. पण ‘जाणे’पासून ‘गेला’, ‘येणे’पासून ‘आला’, ‘होणे’पासून ‘झाला’ ही रूपं आपण कुठल्या नियमानं बनवतो? जी क्रियापदं रोज तोंडात असतात त्यांचीच वेडीवाकडी रूपं भाषेत टिकतात, कारण ती विसरायला कुणाला सवड मिळत नाही. स्पॅनिशमध्येही करणं, येणं, ठेवणं, सांगणं, असणं, जाणं अशा रोजच्या क्रियापदांचीच रूपं वाकडी आहेत. त्यातली सर्वांत नवलाची जोडी ‘असणं’ आणि ‘जाणं’ यांची. भूतकाळात दोन्ही अगदी एक होतात: फुई, फुइस्ते, फुए. तो गेला की तो होता, हे पुढच्या शब्दांवरून कळतं. हे ‘फुई’ लॅटिनमधून आलं, आणि त्याचं मूळ संस्कृतमधल्या ‘भू’ धातूशी सख्खं आहे. आपल्या ‘भूतकाळ’ या शब्दातही तोच धातू आहे.

मग मराठी आणि स्पॅनिश एवढ्या वेगळ्या वाटांनी का गेल्या? संस्कृतच्या पुढच्या काळात ‘मया आम्रं खादितम्’ अशी, म्हणजे ‘माझ्याकडून आंबा खाल्ला गेला’ अशी रचना रुळली. मराठीचा भूतकाळ त्या धातुसाधितातून आला, म्हणून तो आंब्याशी इमान राखतो. लॅटिनच्या भूतकाळी रूपात कर्त्याचा प्रत्यय शाबूत होता, तोच झिजून स्पॅनिशमध्ये उतरला. पोर्तुगीजचीही तीच कथा. म्हणजे गोव्यात आलेल्या पोर्तुगीज पाद्र्यांना उलट्या दिशेनं हीच चढण चढावी लागली असणार, कारण कोकणीचा भूतकाळही कर्मामागे जातो. गोव्यातच राहिलेले इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं.

आता मराठीच्या वाट्याची मदत. ‘काल आंबा खाल्ला’ आणि ‘लहानपणी आंबे खायचो’ यांतला फरक मराठी माणसाला समजावावा लागत नाही. दुसऱ्याला आपलं व्याकरण रीतिभूतकाळ म्हणतं. स्पॅनिशमध्येही पहिल्यासाठी ‘कोमी’, दुसऱ्यासाठी ‘कोमिया’. शहाजीराजे १६३८ मध्ये आले, ही घडून संपलेली गोष्ट; तिथे ‘येगो’. त्या वेळी किल्ला मातीचा होता, ही चालू स्थिती, तिथे ‘एरा’. मराठीचा ‘होता’ मात्र इथे फसवतो. तो एकटाच सगळीकडे चालतो, पण स्पॅनिशमध्ये दर वेळी ‘एरा’ की ‘फुए’ हे ठरवावं लागतं. ही निवड वाचून वाचूनच अंगवळणी पडते.

ऐकणारा कुठला, हेही पाहावं लागतं. १९९६ पासून येलहंक्याच्या हवाई तळावर एरो इंडिया हे प्रदर्शन भरतं, आणि भारतीय वायुदलानं मागवलेल्या ५६ सी-२९५ विमानांपैकी पहिली १६ स्पेनच्या सेव्हिल शहरात बांधायची ठरली. तेव्हा इथे गाठ पडणारा स्पॅनिश भाषक स्पेनचाही असू शकतो. स्पेनमधल्या माणसाला आजच्या जेवणाबद्दल सांगताना बहुधा ‘ए कोमिदो’ म्हणतात, आपल्या ‘खाल्लंय’सारखं. मेक्सिकोच्या माणसाला आजचं जेवणही ‘कोमी’ म्हणूनच सांगितलेलं चालतं.