बाण लक्ष्यावर आदळून खाली पडला, तर गुण मिळतात का?

बारामती, इंदापूर : मुलांना तिरंदाजी स्पर्धेला नेणाऱ्या पालकांसाठी उत्तर : मिळतात, पण भोक सापडले तरच. प्रत्येक वेळी बाण उपसण्याआधी कागदावरील भोकांवर खुणा करतात. खूण नसलेले भोक पंचांना ओळखता आले, तर त्याचे गुण धरतात. खुणांचा कंटाळा केला, तर हातचे दहा गुणही जाऊ शकतात. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ची जागतिक अंतिम लढत १४९-१४७ अशी जिंकली. फरक फक्त दोन गुणांचा!

बाण आधीच्या बाणाच्या शेपटीत रुतला, तर त्या बाणाइतकेच गुण. रेषेला चिकटला, तर वरचे गुण. वाद झाल्यास पंच भिंगातून पाहतात, त्यांचा निर्णय अंतिम. तोवर बाणाला हात लावायचा नाही, प्रशिक्षकांनीही नाही.