पाच वॅटचा निखारा

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, खटका दाबला तरी तो लगेच बोलत नसे. आधी आत लालसर उजेड, मग तापलेल्या धुळीचा वास, आणि मग दुरून जवळ येत जाणारा आवाज. त्याच जातीचा गिटारचा ॲम्प्लिफायर आजही घरच्या टेबलावर बांधता येतो. शिकायला सगळ्यात सोपा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, १९५० च्या दशकातला फेंडर चॅम्प. लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. चॅम्पमध्ये त्यांनी तीनच व्हॉल्व्ह ठेवले. आवाजाचं एकच बटण, ताकद सुमारे पाच वॅट. ‘५एफ१’ हे त्याचं सर्किट एका कागदावर मावतं. गिटारवादक एरिक क्लॅप्टननं १९७० च्या ‘लैला’ अल्बमसाठी चॅम्पच वापरला होता.

पहिला व्हॉल्व्ह, १२एएक्स७, उजेडात धरून पाहा. अंगठ्याएवढी काच, आणि टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग. तो बेरियमचा. पंपानं हवा काढल्यावरही उरलेला वायू तो गिळून टाकतो. काचेला चीर गेली की हाच डाग पांढराफटक पडतो.

आत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन वाफेसारखे निघतात आणि समोरच्या धन प्लेटकडे धावतात. वाटेत बारीक तारेची जाळी असते. पिकाला पाणी देताना पाटाला फावडंभर माती लावली की अख्खी धार वळते ना, तसंच इथे. फक्त मातीच्या जागी गिटारच्या तारेतून आलेला इवलासा विद्युतदाब असतो. दुसऱ्या व्हॉल्व्हमधून, ६व्ही६ मधून, सेकंदाला अंदाजे २५ कोटी अब्ज इलेक्ट्रॉन वाहत असतात, आणि ही सगळी गर्दी गिटारच्या तारेच्या तालावर डोलते! तिसरा व्हॉल्व्ह एसीचं डीसी करतो.

तार जोरात छेडली की लाटेचा माथा दबतो, पण दोन्ही बाजूंनी सारखा नाही. त्यामुळे षड्जात हळूच तार षड्ज मिसळतो. कानाला जो गोडवा वाटतो, त्यातला मोठा वाटा या दबण्याचा आहे.

म्हणूनच जुने सुटे भाग शोधत फिरण्यात मला अर्थ वाटत नाही. व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये बनतात. १६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळाला नाही तर २२ चा चालतो. जुने कार्बनचे रेझिस्टर वर्षागणिक मूल्य बदलतात, खरखरतात. मेटल फिल्मचे शांत असतात. पैसे खर्च करायचेच तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर करा. या सर्किटमध्ये त्याच्यातून डीसी सतत वाहतो, म्हणून गाभ्याच्या पत्र्यांमध्ये मुद्दाम कागदाएवढी फट ठेवलेली असते. ती नसेल तर गाभा भरून जातो आणि खर्ज हरवतो. मेन ट्रान्सफॉर्मर मात्र आपल्या २३० व्होल्टचा घ्या, आणि जुन्या चॅम्पला नसलेली अर्थिंगची तार चासीला पक्की जोडा.

आत ३०० हून जास्त व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. हात घालण्याआधी ते रेझिस्टरमधून उतरवून मीटरनं तपासायचे. दर वेळी.

मग खोलीतला दिवा मालवून खटका दाबा. काही सेकंद काहीच नाही. मग केशरी ठिणगी, हलकी गुणगुण. ६व्ही६ च्या काचेवर आतून कधीकधी निळसर झाक दिसते. तार छेडा आणि त्या झाकेकडे बघत राहा: सुराबरोबर ती थरथरते.